पाडवा ते पाडवा : एका वहीची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घराण्याचा धंदा कापसाचा. शेतातल्या कापसाचा नव्हे, गादीतल्या कापसाचा. आम्ही पिंजारी. माझे अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन अमरावतीच्या जुन्या वस्तीत गल्लोगल्ली फिरत. कुणाच्या ओट्यावर बसून जुन्या गादीतला दबलेला कापूस मोकळा करत. पुढे त्यांनी छोटे दुकान घेतले, पिंजणाच्या जागी मशीन आले. मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो आणि कवितेच्या नादात पडलो. दुकान धाकट्या भावाने सांभाळले. गादी, उशी, रजई, लोड, तक्क्या एवढाच त्याचा माल. दोन कारागीर, एक मशीन आणि दहा बाय पंधराची जागा.

दुकानाला रंग द्यायचा म्हणून भावाने सामान बाहेर काढले, तेव्हा रद्दीच्या ढिगावर मला लाल कापडी बांधणीच्या दोन लांब वह्या दिसल्या. आमच्या आजूबाजूच्या बऱ्याच दुकानांत दिवाळीला वही बदलते. अब्बांनी मात्र पाडव्याला नवी वही उघडण्याचा रिवाज ठेवला होता. आमचे गिऱ्हाईक शेतकरी आणि शेतकऱ्याचे वर्ष पाडव्याला बदलते, एवढाच त्यांचा हिशेब. त्यातली पहिली वही मी उघडली. पहिल्या पानावर भावाच्या अक्षरात लिहिले होते : २५ मार्च २०२०. पाडवा. बंद.

रद्दीवाल्याला मी त्या दोन वह्या दिल्या नाहीत. आज त्यांच्याबद्दलच बोलायचे आहे.

करोनाच्या काळाचा इतिहास कधी ना कधी लिहिला जाईल. लिहिणाऱ्याला सरकारी आदेश मिळतील, कारण ते जपून ठेवलेले असतात. रुग्णांचे आकडे मिळतील, मंत्र्यांची भाषणे मिळतील. पण बंद शटरच्या आत काय चालले होते, हे कोण सांगणार? ते अशा वह्यांत आहे आणि या वह्या किलोच्या भावाने चालल्या आहेत. म्हणून मी एका हातात सरकारी आदेश आणि दुसऱ्या हातात भावाची वही घेऊन ती दोन वर्षे पुन्हा वाचली. जे दिसले ते सांगतो.

आपल्या शहराची सुरुवातच पाहा. अमरावतीचा परकोट आपण रोज पाहतो. जवाहर गेटातून भाजी घेऊन येतो, अंबागेटातून देवीच्या दर्शनाला जातो. हा परकोट निजामाच्या राजवटीत १८०७ साली बांधायला घेतला, तो पेंढाऱ्यांपासून इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून. म्हणजे बाजार वाचवणे हे राज्याचे काम आहे, ही समजूत या शहराच्या दगडांत आहे. बाजार भरला तर राज्याला महसूल, आणि राज्य भक्कम तर बाजाराला निर्धास्त झोप, असा तो व्यवहार होता. पुढे वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला. खामगावच्या कापूस बाजारापर्यंत १८७० साली रेल्वेचा फाटा आला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. बाजारासाठी व्हाइसरॉय वऱ्हाडात येतो, यावरून या मुलखाची किंमत कळते.

मग साथ आली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कायदा अगदी छोटा, मूळची कलमे चारच. पण त्याने सरकारला जवळजवळ सगळे अधिकार दिले. लोकांना वेगळे ठेवा, रेल्वेचे प्रवासी तपासा, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा करा. पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला आणि त्यातून २२ जून १८९७ रोजी रँडचा वध कसा घडला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. घरे रिकामी करणे, सामान जाळणे, छपरे उघडणे, हे सगळे तेव्हा झाले.

हाच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने पुन्हा लागू केला. त्याच्याच आधाराने १४ मार्चला राज्याची करोनाविषयक नियमावली निघाली. तेव्हा मी हा कायदा पहिल्यांदा नीट वाचला. दुसऱ्या कलमात एक कंस आहे. साथ रोखण्यासाठी जो खर्च होईल तो कुणी आणि कसा सोसायचा हे सरकार ठरवू शकेल, असे तिथे म्हटले आहे, आणि ‘खर्च’ या शब्दापुढे कंसात म्हटले आहे, की त्यात नुकसानभरपाईही धरावी, असल्यास. गोऱ्या साहेबाने केलेला कायदा, लोकांवर जरब बसवण्यासाठी केलेला. पण त्यालाही हे कळत होते, की सरकार साथीसाठी कुणाचे नुकसान करील तर भरपाईचा प्रश्न येईल. त्याने तो कंसात टाकला, पण टाकला. हा कंस तुम्ही लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येऊ.

वऱ्हाडच्या जुन्या माणसांना साथ नवीन नव्हती. प्लेगच्या दिवसांत गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहण्याच्या गोष्टी माझ्या आजीच्या तोंडी असत. त्याहून भयंकर आठवण १९१८ ची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेला तो इन्फ्लुएन्झा. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि त्या साथीत सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांत आपला प्रांत होता. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागले. साऱ्या देशात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. जनगणना सुरू झाल्यापासून असे एकदाच घडले. त्या वेळी आजच्यासारखी टाळेबंदी नव्हती. सरकारने बाजार बंद केले नाहीत, तरी घराघरांत माणसे आजारी, मग दुकानावर बसणार कोण आणि खरेदीला येणार कोण? हे आधी सांगतो, कारण मी टाळेबंदीविरुद्ध बोलायला आलेलो नाही. साथ मोकळी सोडली म्हणजे धंदा वाचतो, असे आपला इतिहास सांगत नाही.

आता वही.

२२ मार्च २०२०, रविवार, जनता कर्फ्यू. २३ मार्चला राज्यात संचारबंदी. २४ च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी. २५ ला पाडवा. आमच्या दुकानाची वर्षाची कमाई होळीनंतरच्या लग्नसराईत होते. मुलीच्या आंदणात पलंग-गादी द्यायची पद्धत अजून आहे. हिंदूंची लग्ने एप्रिल-मे मध्ये, आमच्याकडची रमजानच्या आधी. म्हणजे फेब्रुवारी ते मे हे चार महिने गाद्या भरायच्या आणि उरलेले आठ महिने त्यावर काढायचे. थंडीत रजया जातात, तेवढाच आधार. २०२० च्या मार्चमध्ये दुकानात अकरा गाद्या भरून तयार होत्या. त्यांची नावे वहीत आहेत, घेतलेली आगाऊ रक्कम आहे, आणि पुढे एकेका नावासमोर बारीक अक्षरात टिपण आहे : लग्न पुढे गेले. लग्न घरीच झाले. पैसे परत. पैसे परत.

एप्रिलच्या सुरुवातीला अमरावती आणि अकोला, दोन्ही शहरांत पहिले रुग्ण सापडले आणि दोन्ही शहरे लाल क्षेत्रात गेली. वहीत रोज एकच शब्द आहे : बंद. तारीख घालायची आणि पुढे ‘बंद’ लिहायचे. मी त्याला विचारले, “विक्री नाही तर वही लिहायची कशाला?” घरात आम्ही उर्दूमिश्रित हिंदी बोलतो, त्याचे उत्तर मराठीत सांगतो. तो म्हणाला, “भाईजान, अब्बांनी सांगितलं होतं, पान कोरं सोडू नये. कोऱ्या पानावर नंतर काहीही लिहिता येतं.”

त्या दिवसांत वऱ्हाडच्या दुकानदाराचे नशीब केवळ आदेशावर अवलंबून नव्हते, ते कापसावरही होते. ही गोष्ट मुंबईला बसून कळत नाही. २०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ५,५५० रुपये हमीभाव होता. टाळेबंदी लागली आणि कापूस महामंडळाची नि पणन महासंघाची खरेदी थांबली. एप्रिलच्या उत्तरार्धात ती पुन्हा सुरू झाली, पण गर्दी नको म्हणून दिवसाला मोजक्याच गाड्या. अकोटपासून अचलपूरपर्यंत घराघरांत कापूस पडून राहिला. पावसाळा तोंडावर आला, बियाणे घ्यायची वेळ आली, तरी अनेकांचा कापूस घरातच. आमचा एक जुना गिऱ्हाईक फोनवर भावाला म्हणाला, “कापूस घरात हाय, पैसा नाई. गादी कायले पायजे भाऊ? कापसावरच निजून रायलो आता.” भाऊ हसला. मग बराच वेळ बोलला नाही. ज्याच्या घरी कापसाचे ढीग आहेत त्याच्याकडे गादीचे पैसे नाहीत आणि जो गादी भरतो त्याच्याकडे गिऱ्हाईक नाही, अशी ती गाठ होती.

जूनमध्ये ‘मिशन बिगिन अगेन’ आले. ३१ मे २०२० च्या आदेशात राज्यातल्या ज्या महापालिकांची नावे घेतली होती त्यांत अकोला आणि अमरावतीही होत्या. ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. कपड्यांच्या दुकानात कपडा घालून बघायचा नाही, घेतलेला बदलून द्यायचा नाही, असेही त्यात लिहिले होते. मला तेव्हा त्या आदेशाचे कौतुक वाटले होते. लिहिणाऱ्याने किती बारीक विचार केला आहे! दुकानाच्या आतल्या खोलीपर्यंत त्याची नजर पोहोचली होती. वहीत त्या महिन्यात एक दिवस विक्री, एक दिवस ‘बंद’, असे चालले आहे. हिवाळ्यात रजया गेल्या. दिवाळीनंतर भावाने कारागिरांची राहिलेली मजुरी चुकती केली. जानेवारीच्या पानांवर एकही ‘बंद’ नाही.

आणि मग फेब्रुवारी २०२१.

हा महिना अमरावती-अकोल्याचा आहे. दुसऱ्या लाटेचे पहिले तडाखे राज्यात आपल्या विभागाला बसले. ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या म्हणून, लग्नांत गर्दी झाली म्हणून, लोकांनी मास्क काढले म्हणून, अशी कारणे तेव्हा सांगितली गेली. २० फेब्रुवारीच्या शनिवारी रात्री ८ पासून सोमवारी सकाळी ७ पर्यंत अमरावतीत टाळेबंदी झाली. २१ तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘मी जबाबदार’ ही मोहीम जाहीर केली. त्याच दिवशी पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी जाहीर केली. २२ च्या रात्री ८ पासून. त्याच आठवड्यात अकोला, मूर्तिजापूर आणि अकोट प्रतिबंधित झाले. पुढे मुदत ८ मार्चपर्यंत वाढली.

वहीत २२ फेब्रुवारीचे पान भरलेले आहे. त्या महिन्यातली सगळ्यात जास्त विक्री त्या एका दिवसाची. रात्री बाजार मिटणार म्हणून सारे शहर दुपारी इतवारा आणि जवाहर गेटच्या आसपास लोटले होते. गर्दी टाळण्याच्या आदेशाने आदल्या दिवशी गर्दी व्हावी, हे तेव्हा जागोजाग झाले. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा ‘बंद’.

त्या आठवड्यात आम्हा भावांचे भांडण झाले. ते सांगितले पाहिजे. भाऊ म्हणाला, “मुंबई चालू, पुणे चालू. आपणच का? आणि हे चार महिनेच का?” शहरातले व्यापारीही हेच विचारत होते. मी बी.ए. शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा, दर महिन्याला पगार घेणारा. मी त्याला समजावू लागलो, की रुग्ण वाढत आहेत, दवाखान्यांत जागा नाही, सरकारने काय करावे? त्याने शांतपणे विचारले, “भाईजान, तुमचा पगार झाला ना?” त्यानंतर पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पुढे कळले, की आपल्याकडे जे दिसत होते ते राज्यापुढे आणि देशापुढे वाढून ठेवलेले होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूतले दोन विशिष्ट बदल डिसेंबरच्या तुलनेत वाढलेले दिसतात. वर्तमानपत्रांनी त्याला ‘दुहेरी उत्परिवर्तन’ म्हटले. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्या कुळातल्या प्रकाराला डेल्टा हे नाव दिले. मग साऱ्या जगाने ते ऐकले. म्हणजे फेब्रुवारीत आमची दुकाने मिटवणारा आदेश उगाच नव्हता. ज्यांनी तो काढला त्यांच्यावर तेव्हा टीका झाली. आज वही पुढे ठेवूनही मी म्हणतो, की त्यांना धोका दिसला होता आणि तो खरा होता.

एप्रिलमध्ये आमच्या दुकानातले थोरले कारागीर गेले. अब्बांच्या हाताखाली शिकलेले, आम्ही दोघे त्यांना चाचा म्हणायचो. ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले होते. वहीत त्या तारखेला ‘बंद’ नाही. तिथे त्यांचे नाव आहे आणि पुढे त्यांची बाकी मजुरी. ती भावाने त्यांच्या घरी पोहोचवल्याची नोंद तीन दिवसांनंतरची आहे. त्यानंतर दुकान का मिटवले असे भावाने कधीच विचारले नाही. तो दुसराच प्रश्न विचारू लागला.

तो प्रश्न समजण्यासाठी त्या महिन्यातले आदेश पाहावे लागतात. ५ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून ‘ब्रेक द चेन’. जीवनावश्यक नसलेली सगळी दुकाने महिनाभर बंद. १३ एप्रिलला पाडवा. दुसरी वही त्या दिवशी उघडली आणि तिच्याही पहिल्या पानावर ‘बंद’. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर संचारबंदी जाहीर केली, आणि सोबत ५,४७६ कोटी रुपयांची मदतही. मी यादी लिहून घेतली होती. नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये. बांधकाम कामगारांना १,५००. परवानाधारक रिक्षाचालकांना १,५००. घरेलू कामगारांना मदत, आदिवासी कुटुंबांना २,०००. शिधापत्रिकेवर तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ मोफत. शिवभोजन थाळी मोफत. याआधीच्या टाळेबंदीत राज्याने अशी रोख मदतीची यादी केली नव्हती. ज्यांना हे मिळाले त्यांच्या घरी चूल पेटली. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण भाऊ त्या यादीत स्वतःला शोधत होता. तो फेरीवाला नव्हता, त्याला दुकान होते. तो कामगार नव्हता, मालक होता. केंद्राच्या योजना पाहिल्या. १ जून २०२० ला सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना १०,००० रुपयांपर्यंत कर्ज होते. तो पथविक्रेता नव्हता. मे २०२० मध्ये लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी कर्ज योजना आली होती. तिच्यात आधीच्या थकीत नसलेल्या कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज मिळे. भावाने बँकेचे कर्ज कधी काढलेच नव्हते. अब्बांना व्याज नको होते, म्हणून आमचे दुकान पै-पै जोडून उभे राहिले. कर्ज नसणे ही आमच्या घराची अब्रू होती, आणि शून्याचे २० टक्के शून्यच. कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सहा महिन्यांची सवलत दिली, तीही कर्ज असणाऱ्यालाच.

अकोल्याला आमची बहीण असते, मोर्णेच्या पलीकडे, जुन्या शहरात. शंभरेक किलोमीटरवर, पण त्या दोन महिन्यांत आम्ही तिला पाहिले नाही. तिचा मुलगा ऑटो चालवतो. तिचा फोन आला, की भाच्याला ते दीड हजार मिळतील का, अर्ज भरून दे. मी अटी वाचल्या. मदत परवानाधारकाला. भाचा दुसऱ्याचा ऑटो भाड्याने चालवतो, परवाना मालकाच्या नावाचा. दिवसभर हँडल धरणारा हात सरकारच्या कागदावर कुठे नव्हता. बहिणीला हे सांगताना माझीच जीभ जड झाली. ती म्हणाली, “असू द्या भाईजान, सरकारला काय माहीत ऑटो कोण चालवतं.”

ती सहज बोलून गेली, पण मला वाटते या सगळ्या इतिहासाचे सार तिच्या वाक्यात आहे. सरकारला माहीत नव्हते. बंद करताना माहीत असण्याची गरज नसते. ‘जीवनावश्यक सोडून सर्व’ असे लिहिले की आमचे दहा बाय पंधराचे दुकान त्यात आपोआप येते. मदत देताना मात्र नाव लागते, यादी लागते, खाते लागते. कपड्याच्या दुकानातल्या आतल्या खोलीपर्यंत पोहोचणारी सरकारची नजर त्या दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचत नव्हती. यात मी कुणा मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला दोष देत नाही. रात्रंदिवस खपलेली माणसे मी पाहिली आहेत. यादी साथीत तयार होत नाही, ती आधी असावी लागते.

भावाचा दुसरा प्रश्न हाच होता : “बंद करा, कबूल. सगळ्यांच्या जिवासाठी बंद केलं, तर ते सगळ्यांचं काम झालं ना? मग त्याचा खर्च एकट्या दुकानदाराचा कसा?”

तिसरी इयत्ता शिकताना दुकानावर बसलेला माझा भाऊ १८९७ च्या त्या कंसापर्यंत स्वतःहून पोहोचला होता. साथ रोखण्याचा खर्च कुणी आणि कसा सोसायचा? ‘नुकसानभरपाई, असल्यास.’ सव्वाशे वर्षे आपण कायद्याचा बाहेरचा मजकूर वापरत आलो. कंसातला तसाच राहिला.

१४ मे २०२१. त्या दिवशी ईद होती आणि अक्षय तृतीयाही. दोन सण एका दिवशी आले. एरवी अशा योगावर बाजार फुलून जातो. इकडे कापड, अत्तर, शेवया, तिकडे सोने, आंबे, माठ. त्या वर्षी आमच्या दोन्ही जिल्ह्यांत शुकशुकाट होता. नमाज घरीच झाली. वहीत त्या दिवशी लिहिले आहे : ईद. अक्षय तृतीया. बंद.

जूनमध्ये निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले. ७ जूनपासून जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले, रुग्णांचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या खाटा पाहून. आमचे दुकान उघडले, पण लग्नसराई संपली होती. सलग दुसरी. त्या वर्षी भावाने पिंजण्याचे मशीन विकायला काढले आणि मग विकले नाही. का विकले नाही, हे वहीत नाही. त्याच्या बायकोने हातातल्या दोन बांगड्या मोडल्या, हेही वहीत नाही. ते मला वर्षभराने कळले. वहीत फक्त ‘घरून जमा’ असे लिहिले आहे. वहीसुद्धा सगळे सांगत नाही, हे इतिहास लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

२ एप्रिल २०२२ ला पाडवा होता. त्या दिवसापासून राज्यातले सगळे निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला. एका पाडव्याला दुकाने बंद होती, तिसऱ्या पाडव्याला मोकळी झाली. मधल्या दोन वर्षांचा जमाखर्च त्या दोन लाल वह्यांत आहे. तिसरी वही भावाने उघडली तेव्हा पहिल्या पानावर त्याने चाचांच्या मुलाचे नाव लिहिले. तो आता बापाच्या जागी बसतो.

शेवटी दोन गोष्टी मागतो. एक सरकारकडे. साथ पुन्हा येणार नाही असे कुणी सांगू शकत नाही. १८९७, १९१८, २०२०, ती येत राहिली आहे. आज शांतता आहे, तर आजच प्रभागवार यादी करा. कोणत्या गल्लीत कोणते दुकान, त्यावर किती माणसे जगतात, कुणाचा ऑटो कोण चालवतो. आणि पुढच्या वेळी आदेश काढताना तो कंस उघडा. बंदचे कलम आणि भरपाईचे कलम एकाच कागदावर असू द्या, आकडा लहान असला तरी चालेल. ज्याला विचारले गेले तो माणूस बंद जास्त मनापासून पाळतो.

दुसरी मागणी तुमच्याकडे, माझ्या दुकानदार श्रोत्यांकडे. अकोल्याच्या टिळक रोडवर असा, अमरावतीच्या गांधी चौकात असा, अकोट-अचलपूरच्या बाजारात असा. तुमच्याही माळ्यावर २०२० आणि २०२१ च्या वह्या पडल्या असतील. त्या रद्दीत घालू नका. घरात ठेवा, नाही तर गावच्या ग्रंथालयाला विचारा. नावे झाकायची असतील तर झाका, पण पाने राहू द्या. उद्या कुणी पोरगा-पोरगी या दिवसांचा अभ्यास करायला येईल, तेव्हा त्याच्या हाती एकट्या सरकारचा कागद असू नये.

आमच्या दोन वह्या मी माझ्या कवितांच्या पेटीत ठेवल्या आहेत. भाऊ म्हणतो, “भाईजान, त्यात वाचण्यासारखं काय आहे? सगळीकडे ‘बंद’च तर लिहिलंय.” मी त्याला सांगितले, की पान कोरे सोडले नाहीस, हेच वाचण्यासारखे आहे.